जिलबीची वाटी

गेल्या वैशाखातली गोष्ट. सिंहगड रस्त्यावरच्या एका कार्यालयात लग्न होतं. अक्षता पडून गेल्या होत्या, वर पंख्यांची घरघर, मोगऱ्याचा आणि तळणाचा एकमेकांत मिसळलेला वास, आणि जेवणाच्या हॉलबाहेर लाल कापडं घातलेल्या खुर्च्यांची रांग. शेवटच्या खुर्चीवर बाई बसल्या होत्या. आठ वर्षांपूर्वी वजनाच्या ऑपरेशनसाठी मी ज्यांची तयारी करून घेतली, त्या सासवडच्या शाळेतल्या बाई. अंजिरी साडी, कानात कुड्या, हातात स्टीलची वाटी आणि वाटीत दोन जिलब्या. मी लांबूनच ओळखलं, हात वर केला. त्यांनीही मला पाहिलं. पाहताक्षणी त्या जराशा वाकल्या, वाटी खुर्चीखाली टाचेमागे सरकवली, पदर सारखा केला आणि हसल्या.

बोललो आम्ही. मुलगा बंगळुरूहून आलाय, नातू चार वर्षांचा झाला, तो कुठेतरी खांबांमधून पळत होता. शाळेतून निवृत्त झाल्या, घराचं छत दुरुस्त करून घेतलं. मी गुडघ्यांचं विचारलं. ‘बरे आहेत’ म्हणाल्या. वजनाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, त्यांनीही नाही, आणि तरी त्या दहा मिनिटांत आम्ही दोघी दुसऱ्या कशाचाच विचार करत नव्हतो. माझ्या नजरेला आता इतकी सवय झाली आहे की समोरच्या माणसाचं वजन मला तीन-चार किलोच्या फरकानं नुसतं बघून कळतं. अठ्ठ्याऐंशी, मनात आकडा उमटलाच. कुणीतरी हाक मारली म्हणून मी उठले. दारापाशी वळून पाहिलं तर वाटी अजून खुर्चीखालीच होती आणि तिच्यावर एक माशी बसली होती. रिक्षात, मग रात्री अंथरुणावर, मला सारखी ती हालचाल दिसत राहिली. किती सहज केली त्यांनी. न बघता, एका हातानं, आवाज न होऊ देता.

ती हालचाल मी आधी पाहिलेली होती.

वाईच्या घरी आत्या होती माझी. अंगानं जड. गावात तिला कुणी नावानं ओळखत नसे, ‘ती जाडी’ म्हटलं की पुरे. लग्नकार्यात पंगतीला बसली की वाढणारा हमखास म्हणायचा, ‘यांना दोन पानं मांडा,’ आणि अख्खी पंगत हसायची. तीही हसायची. म्हणून तिनं पंगतीत जेवणंच सोडून दिलं. ‘मला आज भूकच नाही बाई,’ असं म्हणत ती सगळ्यांना वाढायची आणि पानावर बसली तर अर्धी पोळी खाऊन उठायची. मी सात-आठ वर्षांची असेन. रात्री पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात अंधारात फडताळाशी उभी राहून आत्या गार पोळी गूळतुपाशी खात होती. माझी चाहूल लागताच ताटली तांदळाच्या डब्यामागे गेली. दोघी काही बोललो नाही. तिनं फुलपात्र विसळून मला पाणी दिलं, तिच्या बोटांना तुपाचा वास होता. पुढे साखर वाढली, पायाची जखम भरेना, आणि छप्पन्नाव्या वर्षी ती गेली. मी आहारशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा घरात सांगितलं होतं की नोकरी लवकर मिळते. खरं कारण मी आजवर कुणाला सांगितलं नाही. कुणाला अंधारात उभं राहून जेवावं लागू नये, एवढंच मला हवं होतं. आणि आज त्या बाईंनी वाटी लपवली ती माझ्यापासून.

बाई पहिल्यांदा आल्या त्या २०१७ साली. त्या वर्षी फेब्रुवारीत वजनाच्याच उपचारांसाठी इजिप्तहून एक तरुणी मालवाहू विमानानं मुंबईत आली होती, क्रेननं तिला रुग्णालयात चढवलं, ते दृश्य आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिलं. पुढचे दोन-तीन महिने आमच्या ओपीडीत लोक त्या बातमीची कात्रणं घेऊन येत. सप्टेंबरमध्ये ती अबू धाबीत वारली, त्या बातमीचं कात्रण मात्र कुणी आणलं नाही. बाईंच्या पर्समध्येही कात्रण होतं, पण त्यांनी ते बाहेर काढलं नाही, नंतर कधीतरी सांगितलं. वजन ११८ किलो, उंची पाच फुटांच्या जरा वर, अकरा वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, रात्री घोरणं इतकं की यजमान बाहेरच्या खोलीत झोपायचे. मी नेहमीचा प्रश्न विचारला: ऑपरेशननंतर काय करता यायला हवंय? लोक सांगतात, गुडघे, साखर, मुलीच्या लग्नात नीट दिसायचंय. बाई म्हणाल्या, ‘मला मांडी घालून बसायचंय. पहिलीची पोरं खाली बसतात आणि मी खुर्चीवर. बावीस वर्षांत मी त्यांच्या पाटीच्या उंचीला गेलेलेच नाही.’

काट्यावर उभं राहताना माणसं काय काय करतात ते मी रोज पाहते. चपला तर सगळेच काढतात. पुरुष पाकीट, किल्ल्या, पट्टा काढून ठेवतात. बायका बांगड्या सरकवतात, एखादी मंगळसूत्रही काढून नवऱ्याच्या हातात देते. मग श्वास रोखून धरतात, जणू आतली हवासुद्धा आकड्यात मोजली जाणार आहे. काही जण डोळे मिटतात. बाई काट्यावर चढल्या की समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायच्या आणि मी आकडा लिहून घेईपर्यंत खाली बघत नसत.

तयारी दीड महिना चालली. ऑपरेशन टेबलावर होतं दोन-तीन तासांत, पण त्याआधीच्या फायलीची जाडी नातेवाइकांना घाबरवून सोडते. एंडोस्कोपी, झोपेची तपासणी, हृदय, फुप्फुसं, थायरॉइड, रक्तातलं लोह, बी-१२, डी जीवनसत्त्व. शाकाहारी घरातल्या माणसाचं बी-१२ कमी निघालं नाही असा दिवस मला आठवावा लागेल, आणि बाराही महिने ऊन असलेल्या आपल्या गावांत डी जीवनसत्त्व तळाला गेलेलं असतं. आधीच रिकाम्या असलेल्या कोठारावर असं ऑपरेशन करायचं नसतं, म्हणून आधी ते भरून काढायचं. विम्याच्या अटीत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४० हवा, किंवा ३५ आणि जोडीला गंभीर आजार. बाईंचा ५०च्या घरात होता, तिथे अडचण आली नाही. मग मानसोपचारतज्ज्ञांच्या दोन भेटी. तिथे बाई चिडल्या होत्या, ‘मी काय वेडी आहे का?’ म्हणून. दुसऱ्या भेटीनंतर बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

माझा भाग जेवणाचा. मी त्यांना भाकरीचा एक घास पंचवीस वेळा चावायला लावला आणि समोर बसून मोजलं. पहिल्या दिवशी सातव्या चावण्याला घास गेला होता. ‘तास संपायच्या घंटेच्या आत डबा संपवायची सवय आहे हो,’ त्या म्हणाल्या. लहान मुलाचा चमचा आणि लहान वाटी घ्यायला सांगितली. जेवताना पाणी बंद, आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास. ‘काय काय खाता?’ या प्रश्नाला पहिल्या दिवशी उत्तर आलं होतं, ‘काहीच नाही.’ हे उत्तर ऐकून आमच्या क्षेत्रातली काही माणसं एकमेकांकडे बघतात, त्याचा मला राग येतो. त्यांच्या लेखी ते खरंच असतं. ताटात वाढून घेतलेलं त्या सांगत होत्या. पोरांच्या ताटात उरलेलं, पातेल्याच्या बुडाशी राहिलेलं, वाया जाऊ नये म्हणून तोंडात टाकलेलं, त्याला आपल्याकडच्या बायका खाणं म्हणतच नाहीत.

शेवटचे दोन आठवडे सगळ्यात कडक. मुगाचं कढण, ताक, पनीर, प्रथिनांची पावडर, भाज्यांचं पातळ सार, दिवसाला जेमतेम आठशे ते हजार कॅलरी. त्यामागे कारण आहे. जाड माणसाचं यकृत चरबीनं फुगलेलं असतं आणि त्याची डावी बाजू नेमकी जठरावर पसरलेली असते. सर्जनला दुर्बिणीतून जठर दिसायला हवं तर ते उचलून धरावं लागतं, आणि फुगलेलं यकृत उचलताना फाटून रक्तस्राव होऊ शकतो. दोन आठवडे पिष्टमय खाणं तोडलं की त्यातली साखर आणि तिच्याबरोबर साठलेलं पाणी उतरतं, यकृत आकसतं, मऊ पडतं. हे मी बाईंना फळ्यावर चित्र काढून सांगितलं, तर त्यांनी माझ्या हातातून खडू घेऊन जठर नीट काढून दाखवलं. सोबत फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते श्वासाचं खेळणं, दिवसातून दहा वेळा. शेवटच्या आठवड्यात त्यांनी तिसरा चेंडू वर नेला तेव्हा नवऱ्याला फोन करून सांगितलं.

जठराचा बायपास झाला. जठराच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी पिशवी राखली आणि लहान आतडं थेट तिला जोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्टँड धरून कॉरिडॉरमध्ये चालत होत्या. मी औषधाच्या मापात तीस मिली पाणी दिलं, पंधरा मिनिटांत घोट घोट करून संपवायचं. दोन घोटांत त्या थांबल्या. ‘भरलं,’ म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. मला वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं. ‘आता तांब्यानं घटाघटा पाणी कधीच प्यायचं नाही का हो?’ हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. वेगळं काय होईल याची मी यादी दिली होती: गोड खाल्लं तर घाम आणि धडधड, गोळ्या जन्मभर, केस गळतील, पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने औषध. उन्हातून घरी आल्यावर उंबऱ्यात उभं राहून तांब्या तोंडाला लावायचा, हे सुख जाणार आहे, हे त्या यादीत नव्हतं.

घरी गेल्या तेव्हा इन्सुलिन बंद झालेलं होतं. वजन फारसं उतरायच्या आधीच साखर उतरते, आतड्यातले संप्रेरकांचे इशारेच बदलतात म्हणून. इतक्या वेळा पाहूनही मला त्याचं नवल वाटतं. मग किलोमागून किलो. तिसऱ्या महिन्यात वेणी करताना फणीत पुंजके यायला लागले, त्या घाबरल्या, नवव्या महिन्यापर्यंत केस परत आले. दंडाची कातडी लोंबू लागली, त्यांनी ब्लाउजच्या बाह्या लांब केल्या. आणि आग्रह! ‘एवढंच? पक्षीसुद्धा जास्त खातो.’ ‘माझ्या हातची एक पुरी तरी.’ ‘चेहरा किती उतरलाय, काही लपवत नाही ना आमच्यापासून?’ जी माणसं आधी ‘किती खाता’ म्हणत होती त्यांनीच आता ताटात वाढायला सुरुवात केली. एका डोहाळजेवणात श्रीखंडाचे चार चमचे पोटात गेले आणि बाई घामाघूम होऊन मोरीच्या दाराशी अर्धा तास बसून राहिल्या. दीड वर्षानं वजन ७४. त्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या, खुर्ची बाजूला सरकवली आणि फरशीवर मांडी घालून बसल्या. मी टेबलामागून उठून त्यांच्यासमोर खाली बसले. आम्ही दोघी काही वेळ तशाच होतो.

आणि मग मी फोटो काढला. आमच्याकडे एक भिंत होती, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी. जुन्या सलवारच्या एका पायात अख्ख्या मावलेल्या बायका, पट्ट्याचं टोक हातभर लांब धरलेले पुरुष. बाईंचा फोटो मधोमध लावला. लावताना मी म्हणाले, ‘आता मागे वळून बघायचं नाही हं.’ इतक्या प्रेमानं म्हणाले होते.

पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एका ब्रिटिश सहकाऱ्याबरोबरचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. एकाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. शेजारी शेजारी उभी असलेली दोन माणसं, आणि फोटोत यातलं काही दिसत नाही. आपल्याकडची माणसं बारीक दिसूनही आतून चरबी वाहत असतात, म्हणून तर २०२२च्या आंतरराष्ट्रीय निकषांत आशियाई लोकांसाठी ऑपरेशनचा विचार २७.५ पासून करा असं आलं. आमच्या त्या भिंतीसमोरून जाताना मला हल्ली तो फोटो आठवतो. भिंतीवरच्या माणसांचं पुढे काय झालं, हे त्या फोटोंत नव्हतं. तारीख एकच, सगळ्यात कमी वजनाची.

माझ्याकडे एक आडवी वही आहे. डावीकडे नाव, मग ओळीनं पहिला महिना, तिसरा, सहावा, वर्ष, दीड वर्ष, दोन, पाच, दहा. डावी बाजू गच्च भरलेली, शाईचे डाग, खाडाखोड. दुसऱ्या वर्षाच्या पुढे पानं पांढरी होत जातात. फोन केला तर ‘येते पुढच्या महिन्यात’. मी इतकी वर्षं समजत होते की लोकांना बरं वाटतं म्हणून ते येत नाहीत. कार्यालयातल्या त्या दिवसानंतर मी वही काढून बसले. बाईंची शेवटची नोंद २०१९च्या डिसेंबरची होती, ७७. तीन किलो वाढले होते, आणि शेजारी माझ्याच अक्षरात, लाल पेननं, उद्गारचिन्ह.

स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालू आहे, ऑपरेशन केलेली दोन हजार माणसं आणि न केलेली तेवढीच. त्यातला आलेख मला तोंडपाठ आहे, मी तो कॉलेजात शिकवतेसुद्धा. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरतं, मग रेघ हळूहळू वर वळते आणि दहाव्या वर्षी मूळ वजनापेक्षा २५ टक्के खाली असते. मधुमेहाचंही तसंच, दुसऱ्या वर्षी ७२ टक्के लोकांचा मधुमेह मागे हटलेला, दहाव्या वर्षी ३६. ऑपरेशन झालेले लोक न झालेल्यांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले, आणि तरीही सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षं कमी. म्हणजे रेघ वर वळते हे मला माहीत होतं. प्रत्येकाची वळते. शरीर गेलेलं वजन परत मागतं, भुकेचे इशारे पुन्हा जागे होतात. आणि आपल्या ताटाची एक वेगळीच गोची आहे: भाकरी, उसळ, कोंबडीचा तुकडा त्या छोट्या पिशवीत अडकतो, जड होतो, पण चहात बुडवलेलं बिस्किट, शिरा, भडंग, आइस्क्रीम अलगद उतरतं. जे खायला हवं ते त्रास देतं आणि जे नको ते सुखानं जातं. मी त्या रात्री कागदावर गणित केलं. ११८चे २५ टक्के, साडेएकोणतीस. माझ्या नजरेनं सांगितलेले अठ्ठ्याऐंशी खरे असतील तर बाई तीस किलो खाली होत्या. त्या बरोबर आलेखावर होत्या! त्यांचं काहीही चुकलेलं नव्हतं, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण सांगायचं काम माझं होतं.

त्याहून मला भीती दुसऱ्या एका अभ्यासाची वाटते. २००७ साली अमेरिकेतल्या युटामधून आलेला. ऑपरेशन झालेल्यांचे मृत्यू एकूण ४० टक्क्यांनी कमी, मधुमेहानं होणारे तर ९२ टक्क्यांनी कमी, पण अपघात, आत्महत्या अशा आजाराबाहेरच्या कारणांनी होणारे ५८ टक्क्यांनी जास्त. मी हा आकडा वर्षानुवर्षं वाचत आले आणि प्रत्येक वेळी पान उलटलं. आता नवी इंजेक्शनं आली आहेत, दर आठवड्याला पोटावर टोचायची. भूक शमते, वजन उतरतं, परत वाढलेल्या वजनावरही ती देतात, आणि थांबवली की बरंचसं परत येतं. रोज चार फोन त्यासाठी असतात. पुन्हा तेच, किती किलो, किती दिवसांत.

मी बाईंना फोन केला. तीनदा वाजून बंद झाला, चौथ्यांदा उचलला. ‘वजन करायला बोलवत असाल तर मी येणार नाही, मॅडम,’ पहिलंच वाक्य. मी म्हणाले, ‘मीच येते.’

श्रावणात एका रविवारी एसटीनं गेले. दिवेघाट हिरवागार, वळणावळणावर ओल्या मातीचा वास, कऱ्हेच्या अलीकडे सीताफळांच्या बागा. बाईंनी दार उघडलं तेव्हा हाताला ज्वारीचं पीठ होतं. यजमान २०२१ मध्ये गेले, हे मला माहीतच नव्हतं. लॉकडाउनमध्ये चालणं बंद झालं, मग त्यांचं आजारपण, मग दवाखान्याच्या बाकावर चहा-बिस्किटांवर काढलेले महिने. गोळ्या कधी बंद झाल्या ते बाईंनाही सांगता येईना. हातापायांना मुंग्या येत होत्या आणि त्या समजत होत्या, वय झालं. ‘तुमच्याकडे कोणत्या तोंडानं येणार? भिंतीवर फोटो होता ना माझा.’

जेवायला त्यांनी खाली पाट मांडले. माझ्यासमोर त्या मांडी घालून बसल्या, सावकाश, पण हात न टेकता. अर्धी भाकरी, मटकीची उसळ, घास पंचवीस वेळा. मी मोजत होते हे त्यांच्या लक्षात आलं असावं. उसळीचा चमचा तसाच धरून त्या म्हणाल्या, ‘ती जिलबी नातवाची होती. त्यानं धरायला दिली आणि पळाला.’

मी काही बोलले नाही.

‘पण तुम्हाला खरं वाटलं नसतं.’

खरंच वाटलं नसतं. मी पाण्याच्या भांड्याकडे बघत राहिले. आत्याला मी कधीतरी विचारायला हवं होतं की भूक लागलीय का, शेजारी बसू का, असं काहीतरी मनात आलं आणि घशाशी अडकलं. बाईंनी मला उसळ वाढली, मी नको म्हणाले, त्यांनी तरी वाढली.

दुसऱ्या दिवशी त्यांचं रक्त तपासायला पाठवलं. बी-१२ फारच खाली निघालं, लोहही. इंजेक्शनं सुरू केली आहेत, मुंग्या कमी आहेत म्हणतात. मुलानं बंगळुरूला बोलावलंय, जातील बहुतेक दिवाळीनंतर, तिथल्या डॉक्टरांसाठी मी चिठ्ठी लिहून ठेवली आहे. वहीत त्यांच्या नावासमोर आठव्या वर्षाचा रकाना नव्हताच, पाच आणि दहाच्या मधे पट्टीनं रेघ मारून केला. बी-१२चा आकडा लिहिला, लोहाचा लिहिला, साखर लिहिली. वजनाच्या जागी लिहिलं, ‘मांडी घालून बसतात’.